बेटावरची पाणीपाळी

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "तिथं गिरणी हाय का?"

नाही म्हटल्यावर त्यांनी चार किलो ज्वारी दळून आणली. पाच दिवसांसाठी एवढं पीठ कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पाच मानसं हायेत." पाचातलं एक माणूस सव्वादोन वर्षांचं आहे आणि दिवसाला भाकरीचा एक पापुद्रा खातं, तेही आपण दुसरीकडं बघत असलो तरच, हे मी सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गुपचूप पिठाची पिशवी बॅगेत भरली.

आमच्यात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. माझं माहेर कात्रजचं, सासर मांजरीचं आणि नोकरी हिंजवडीत, म्हणजे शहराच्या तीन टोकांना मी एकटीनं बांधून ठेवलंय. नोकरीत मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दुसऱ्यांनी केलेलं काम उलटंपालटं करून त्यातली खोट दाखवायची आणि त्याचा पगार घ्यायचा. माझी आई म्हणते, लग्नाआधी हेच काम तू घरात फुकट करत होतीस.

विमान पहाटेचं होतं आणि मामांमुळे आम्ही लोहगावला चार तास आधी पोचलो. मामांचा एक नियम आहे, तो ते लग्नाला, दवाखान्याला, बँकेला, सगळ्याला लावतात. "पानी यायच्या आधी मानूस बांधावर पायजे." कालव्याचं पाणी पाळीनं सुटायचं तेव्हाचा हा नियम. पाणी आलं आणि माणूस नसला तर पाणी शेजाऱ्याच्या उसात जातं आणि पुढच्या पाळीपर्यंत आपण बोंबलत बसायचं. आता कालव्याचं पाणी नाही, ऊसही नाही. मामांच्या आडसाली उसाच्या जागी आमची सोसायटी उभी आहे आणि आम्ही तिच्यात अकराव्या मजल्यावर राहतो. नियम तेवढा राहिला आहे.

सुरक्षा तपासणीत आत्यांच्या बॅगेतून खोबऱ्याच्या वाट्या काढल्या. खोबरं विमानात चालत नाही, पेट घेतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. आत्या म्हणाल्या, "चाळीस वरसं शेगडीशेजारी ठेवतीया, कधी पेटलं न्हाय ते." बाई हसल्या, पण वाट्या गेल्या. पुढं बेटावर उतरल्यावर चहूकडं नारळीच नारळी पाहून आत्यांना त्या वाट्यांचं दुःख नव्यानं झालं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं असं वाटेल. तसं नव्हतं. या सहलीत एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच बोलत नव्हतं. मामा माझ्या मुलीला हात लावत नव्हते.

आधी असं नव्हतं. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी कामावर परत जायला लागले, तेव्हापासून ती मामांच्याच खांद्यावर वाढली. ते तिला मालकीण म्हणायचे. "चला मालकीण, राखणीला," असं म्हणून रोज सकाळी खाली बागेत न्यायचे. सोसायटीला माळी आहे, पण मामांना त्याचं पाणी घालणं पसंत नाही. "ह्यो झाडाला पानी पाजत न्हाय, अंगावर शिंपडतोय," असं म्हणून ते पाईप स्वतः घेतात. माळ्याची काही हरकत नव्हती.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. शेतावरची रीत अशी असते की पोराला बांधावर झाडाच्या सावलीत बसवायचं, हातात भाकरीचा तुकडा द्यायचा, आणि दारं धरायला जायचं. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत सोडणं; एक सरी भरली की फावड्यानं मातीचं ढेकूळ सारून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढचीचं उघडायचं. पोर बांध सोडून जात नाही, कारण पुढं सगळा चिखल असतो. मामांनी त्यांची तिन्ही मुलं अशीच वाढवली, त्यात माझा नवराही आला. त्या दिवशी त्यांनी नातीला बागेतल्या बाकावर बसवलं, हातात बिस्किट दिलं, आणि पाईप घेऊन कण्हेरीच्या ओळीच्या टोकाला गेले. बाकापुढं चिखल नव्हता. गुळगुळीत फरशी होती, आणि फरशीला लागून पार्किंगचा उतार.

फाटकावरच्या वॉचमननं मला इंटरकॉमवर कळवलं तेव्हा मी अनवाणी जिना उतरले. अकरा मजले. लिफ्टची वाट बघण्याचं सुचलंच नाही. खाली माझी लेक एका गाडीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उकिडवी बसून बिस्किट खात होती. गाडी मागं येत होती, चालकानं आरशात पाहिलं म्हणून थांबली. तो बिचारा गाडीतून उतरून कपाळाचा घाम पुसत होता. झालं काहीच नव्हतं. मी तिला उचललं तेव्हा ती माझ्याच तोंडात बिस्किट कोंबायला लागली.

मामा धावत आले. हातात पाईप तसाच, पाणी चालूच. तिथं वॉचमन होता, दोन शेजारणी होत्या, गाडीवाला होता. त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "एक पोर सांभाळता येत नाही तुम्हाला, मामा? तुमच्या भरवशावर कसं ठेवायचं हिला?"

ते मागं वळले आणि नळ बंद करायला गेले.

मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण मी चुकीचं काहीच बोलले नव्हते, हीच तर पंचाईत होती. बोलले ते खरं होतं आणि तसं बोलायला नको होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती माफी दोन-अडीच महिने माझ्याकडं पडून राहिली.

त्या दिवसापासून मामा तिला एकटे कधीच घेत नाहीत. ती त्यांच्या गुडघ्यावर चढायला गेली की "ओ, हिला घ्या कुनीतरी," अशी हाक घालतात आणि उठून गॅलरीत जातात. मालकीण हा शब्द घरातून गेला. लेकीला काहीच समजत नव्हतं. ती त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसायची, आणि आत मामा पेपर उघडून बसलेले असायचे. पान उलटल्याचा आवाज मात्र यायचा नाही.

मी उपाय शोधला, माझ्या पद्धतीचा. सोसायटीच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर आहे, तिथला फॉर्म आणला आणि सहलीच्या आदल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून भरून टाकला; दुसऱ्या दिवशी तो देऊनही आले. परत आल्यावर सोमवारपासून लेक दिवसभर तिथं जाणार होती. मामा-आत्यांना परत आल्यावर सांगायचं असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं. फॉर्मवर एक रकाना होता. आई-वडिलांखेरीज मुलीला न्यायला कोण येईल? त्यात मी लिहिलं, कोणी नाही.

सहलीची कल्पना नवऱ्याची. त्याला वाटत होतं की पाच दिवस सगळे एका छपराखाली राहिले की आपोआप गोडी होईल. त्याचा आपोआपवर फार विश्वास आहे. मामा येणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण बेट म्हणजे काय हे त्यांनी मुलाकडून नीट समजावून घेतलं आणि म्हणाले, "चारी अंगानं पानी? आन् कुनाची पाळी न्हाय? मग बघितलं पायजे."

बेट लहान होतं. एक रस्ता, एक बाजार, एक धक्का, आणि बाकी झाडी. आमच्या दोन खोल्या किनाऱ्याला लागून होत्या. पहाटे साडेपाचलाच उजाडायचं आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळायचा. माझा नवरा आणि मी चिडचिडलो, पण मामा खूश. जगात कुठंतरी दिवस त्यांच्या वेळेवर उगवत होता.

पहिल्या दिवशी माझ्या लेकीनं समुद्र पाहिला आणि किंचाळून माझ्या गळ्याला मिठी मारली. खाली ठेवायला गेले तर तिनं दोन्ही पाय पोटाशी घेतले. अकराव्या मजल्यावरचं मूल, फरशीखेरीज पायाला काही लागलेलं नाही. वाळू तिला पटेना. नवऱ्यानं गाणी म्हटली, किल्ला केला, स्वतः वाळूत लोळून दाखवलं. मी तर यादीच केली होती; टोपी, उन्हाचं मलम, फुगवायच्या बाह्या, पाण्यात घालायचे बूट. सगळं चढवल्यावर ती एखाद्या छोट्या पाणबुड्यासारखी दिसायला लागली आणि तशीच चटईवर बसून रडली.

आत्या पदर खोचून गुडघाभर पाण्यात जाऊन आल्या. त्या कुणाला विचारत नाहीत. येऊन म्हणाल्या, "खारट हाय." जणू त्याबद्दल त्यांना शंका होती.

मामा आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर एका मोठ्या झाडाखाली बसले. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, खांद्यावर पंचा. त्यांनी पोरीकडं पाहिलं नाही, आमच्याकडं पाहिलं नाही. ते पाण्याकडं पाहत होते. मला वाटलं, रुसून बसलेत. नंतर कळलं, ते काम करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो तर समुद्र जागेवर नव्हता. जिथं काल लाटा होत्या तिथं ओली सपाट वाळू, मधेमधे दगडांच्या खळग्यांत साचलेलं पाणी, आणि खरा समुद्र लांब कुठंतरी रेघेसारखा. मी मोबाईलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक शोधायला लागले, पण तिथं रेंज नव्हती. मामा झाडाखालून उठले, जाऊन एक काटकी वाळूत रोवून आले, आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा काटकी, पुन्हा घड्याळ. दुपारच्या जेवणाला, आत्यांनी रिसॉर्टच्या आचाऱ्याला बाजूला सारून थापलेल्या भाकरीबरोबर, त्यांनी निकाल दिला.

"रोज पाऊन तासानं मागं सरकतंय. काल पावनेनऊला पार आत गेलंतं, आज साडेनऊला. उद्या सव्वाधाच्या म्होरं."

नवरा म्हणाला, "बरोबर आहे, चंद्रामुळं होतं ते."

"चंद्र आसंल न्हायतर आनि कोन," मामा म्हणाले. "पन आपल्या पाटबंधाऱ्यापेक्षा बरं हाय. सांगून येतंय."

त्याच दिवशी सकाळच्या ओहोटीत त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली होती. ओल्या वाळूत एका खळग्यातून पाण्याची बोटभर धार समुद्राकडं वाहत होती. मामांनी नारळाची करवंटी घेतली आणि त्या धारेला वळवून सरी काढली. मग दुसरी. मग तिसरी. शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर, ओळंब्यात. वाळूचा गोळा सारून एकीचं तोंड बंद केलं की पाणी दुसरीत शिरायचं. त्यांनी कुणाला बोलावलं नाही, वळूनही पाहिलं नाही.

माझी लेक चटईवर उभी राहिली. समुद्र तिला मोठा होता, पण ही बोटभर धार तिच्या मापाची होती. तिनं एक पाय वाळूवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. ती चालत गेली, मधे एकदा पडली, उठली, आणि मामांच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली. सरीत तिनं बोट घातलं. पाणी बोटाला वळसा घालून पुढं गेलं तशी ती खदखदून हसली.

मामांच्या हातात करवंटी तशीच राहिली. मला त्यांची पाठ दिसत होती. क्षणभर वाटलं, झालं, सुटलं सगळं. आणि ते उठले. "ओ, हिला घ्या कुनीतरी," म्हणाले आणि झाडाकडं निघून गेले.

मी जाऊन तिला उचललं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मामा माझ्या अगदी समोरून गेले, आणि मी म्हटलं काय, तर "ऊन वाढलंय." मला माझाच राग आला, आणि तो मी दिवसभर नवऱ्यावर काढला.

चौथा दिवस. सकाळी साडेदहा वाजले असतील. माझं एक काम ऑफिसात अडकलं होतं. बेटावर रेंज फक्त धक्क्याच्या रस्त्यावर, एका चहाच्या टपरीशी यायची. लेक चटईवर पानांशी खेळत होती, नवरा शेजारी आडवा पडला होता. मी म्हटलं, "बघ हं हिच्याकडं, दहा मिनिटांत आले." तो "हं" म्हणाला. तो "हं" झोपेतला होता हे मला कळायला हवं होतं, लग्नाला सहा वर्षं झालीत. आत्या रस्त्याकडेला नारळ विकणाऱ्या बाईशी भावावरून वाद घालत होत्या, एकीला मराठी येत नव्हती आणि दुसरीला बंगाली, तरी वाद रंगला होता. त्यांनी मला जाताना पाहिलं आणि पोर माझ्याबरोबरच आहे असं धरलं.

दहा मिनिटांची पंचवीस झाली. परत आले तर चटईवर नवरा घोरत होता आणि शेजारी छोटे बूट पडले होते. नुसते बूट.

मी त्याला हलवलं. तो उठला, इकडंतिकडं पाहिलं. तो खोल्यांकडं धावला. आत्या नारळ टाकून रस्त्यावर हाका मारायला लागल्या. मी समुद्राकडं पाहिलं. समुद्र लांब होता, पण लेकीला जायला फार वेळ लागला नसता. मी पळत सुटले. डाव्या हाताला किनारा वळतो आणि मधे काळे दगड आहेत, त्यांच्यापलीकडचं दिसत नाही. दगडांवर माझी टाच फाटली ते मला संध्याकाळी कळलं.

पलीकडं, खूप आत, ओल्या वाळूवर, एक पांढरी टोपी दिसली. आणि तिच्या शेजारी लाल झबलं.

दोघं उकिडवी बसली होती. समोर आठ-दहा सऱ्या, एखाद्या नीटनेटक्या वाफ्यासारख्या. लेक वाळूचा गोळा उचलून एका सरीच्या तोंडाशी थापत होती आणि "दालं मोल, दालं मोल" असं ओरडत होती. एकीचं तोंड बंद करून दुसरीचं उघडायचं, त्याला मामा दारं मोडणं म्हणतात.

पोर दिसली आणि मला राग आला. न विचारता, न सांगता, इतक्या आत, समुद्रात! जिभेवर तेच वाक्य तयार होतं, दिवाळीच्या आधीचं. मी दोन ढांगांत त्यांच्यापर्यंत पोचले, तोंड उघडलं, आणि मला पंचा दिसला.

पंच्याचं एक टोक माझ्या लेकीच्या कमरेला बांधलेलं होतं. दुसरं टोक मामांच्या डाव्या मनगटाला. मधला पंचा पिळून दोरीसारखा केलेला. मनगटावर तो इतका आवळला होता की कातडीत वळ उठला होता. गावाकडं वासराला असं दाव्यानं बांधतात.

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू गेलीस अन् ही चटईवरनं उठली. ह्यो झोपलेला. मी हाका मारल्या, कुनी ओ दिली न्हाय. ही थांबंना, सऱ्या बघायला निघाली. मागं मागं आलो." मग पंच्याकडं बघून, "हात धरला आस्ता. पन म्हनलं, सुटला तर? आपला काय भरवसा. म्हनून बांधून घेतलं."

मी त्या ओल्या वाळूत बसले.

"पानी हितवर यायला आजून दीड तास हाय," ते घड्याळ दाखवत म्हणाले. "बघून बसलोय."

चार मोठी माणसं त्या किनाऱ्यावर होती. एक झोपला होता, एक भाव करत होती, आणि चुका शोधण्याचा पगार घेणारी तिसरी रस्त्यावर मोबाईल उंच धरून उभी होती. ज्याला मी भरवशाचा नाही म्हटलं होतं, त्या एकट्याचं पोरीवर लक्ष होतं. झाडाखाली बसून सगळे दिवस तो माणूस हेच करत होता.

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. लेकीनं माझ्या गालावर वाळूचा हात ठेवला. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं बोलले."

"चुकीचं न्हाय बोललीस," ते म्हणाले. "बरोबर बोललीस. म्हनून तर लागलं."

मग त्यांनी एका सरीचं तोंड बंद केलं, दुसरीचं उघडलं. पाणी वळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तो कागद वाचला मी. टेबलावरला. सातवी पास हाय मी, वाचता येतं. कोनी न्हाय, आसं लिवलंस."

मी लेकीच्या हातावरची वाळू झटकायला लागले.

"पाळनाघरात घाल," मामा म्हणाले. "तिथं दाराला कडी आसंल. बरंच हाय ते."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. तीस वर्षं कालव्याच्या शेवटाला शेती केलेला माणूस, पाणी वेळेवर आलं नाही तर अधिकाऱ्याच्या टेबलावर मूठ आपटणारा, आणि तो माझ्यापुढं कडीची बाजू घेत होता.

मी पुढं सरकून त्यांच्या मनगटावरची गाठ सोडायला लागले. ओला पंचा, त्यात ती बैलाची गाठ. मी जितकी ओढली तितकी ती घट्ट झाली.

"वढू नगं, आवळंल," मामा म्हणाले. "ढील दे आधी."

मी पंचा सैल धरला. त्यांनी अंगठ्यानं एक पदर मागं रेटला आणि गाठ सुटली. मनगटावर लाल वळ राहिला. मग मी लेकीच्या कमरेची गाठ तशीच सोडली, पंचा पिळून त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि उठले.

"कुठं चाललीस?" त्यांनी दचकून विचारलं.

"आत्या रडत असतील. सांगून येते, सापडली म्हणून."

"आन् हिला?"

"ती आहे ना तुमच्यापाशी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. हात पायजम्याला पुसले, एकदा, दोनदा, आणि तिच्यापुढं एक बोट केलं. तिनं ते धरलं. ती ते कधीचंच धरायला तयार होती, बाकी सगळ्या अडचणी आम्हा मोठ्यांच्या होत्या. मी दगडांपर्यंत चालत गेले. मागं वळून पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे माझं मला माहीत. दगडांशी पोचले तेव्हा मागून मामांचा आवाज आला, चांगला खणखणीत, शेतावरचा. "आरं मालकीन, तिकडलं दारं फुटलं! पळ!"

नवरा समोरून धापा टाकत येत होता. त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो "हं" म्हणाला, या वेळी जागेपणी.

मामांनी सांगितलं होतं तसंच पाणी दीड तासानं आलं. तोवर आत्याही पदर खोचून सऱ्या काढायला बसल्या होत्या आणि मामांच्या सऱ्या वाकड्या आहेत असं त्यांचं मत पडलं होतं. पहिली लाट येऊन अर्धा वाफा घेऊन गेली तेव्हा लेक रडेल असं मला वाटलं. ती टाळ्या वाजवायला लागली. दुसरी लाट तिच्या पायांवरून गेली, आणि तिनं मामांचं बोट तेवढं घट्ट धरलं.

परतीच्या बोटीसाठी आम्ही धक्क्यावर दोन तास आधी होतो. कुणी तक्रार केली नाही. उरलेलं तीन किलो पीठ आत्यांनी नारळवाल्या बाईला देऊन टाकलं आणि तिनं त्यांना पाच नारळ दिले. ते घरी कसे आले हे मी सांगणार नाही.

सोमवारी सकाळी मी पाळणाघरात गेले आणि तो फॉर्म परत मागितला. तिथल्या बाई म्हणाल्या, रद्द करताय का? मी म्हटलं, नाही, पण दिवसभर नको, एक वाजेपर्यंतच. आणि एक दुरुस्ती करायचीय. "कोणी नाही" यावर मी रेघ मारली. वर लिहिलं, आजोबा. शेजारी आणखी एक रकाना होता, तो मागच्या खेपेला मी बघितलाच नव्हता. न्यायला येणाऱ्या व्यक्तीची ओळखीची खूण. त्यात मी लिहिलं, खांद्यावर पंचा.

पाळणाघराच्या चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला, मी हिंजवडीच्या वाटेवर कंपनीच्या बसमध्ये अडकले होते. बाई अवघडून म्हणाल्या, "मॅडम, तक्रार नाही हो, पण तुमचे आजोबा रोज बाराच्या आत येऊन फाटकाशी उभे राहतात. आम्ही मुलांना एकला सोडतो. बसायला खुर्ची दिली तर बसतही नाहीत. जरा सांगाल का त्यांना?"

मी म्हटलं, "उभं राहू द्या. पाणी यायच्या आधी माणूस बांधावर लागतो."